बिबट्यासाठी लावलेला कॅमेरा

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला आमची सोसायटी नवी होती आणि मागच्या भिंतीपलीकडे झेंडूची शेतं होती. एकदा पावसाळा सरताना सोसायटीतली दोन कुत्री दिसेनाशी झाली आणि बिबट्या आल्याची बोलवा उठली. आमचे चेअरमन पिंजरा मागायला वनखात्यात गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "काहीतरी पुरावा आणा." चेअरमन तडक माझ्याकडे आले, कारण कॅमेरा माझ्याकडे होता.

मी तेव्हा ओझरला नोकरी करत होतो. कॅमेरा सेकंडहँड घेतलेला. त्यात एक सोय होती, ती मी कधी वापरली नव्हती. फोकस आधीच एका अंतरावर पक्का करायचा, बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवायचं आणि खुशाल निघून जायचं. नेमक्या त्या अंतरावर काही आलं की कॅमेरा आपला आपण फोटो काढणार. अलीकडे-पलीकडे कोणीही नाचलं तरी ढिम्म.

भिंतीला मागे एक खिंडार होतं. बिबट्या आलाच तर तिथूनच येणार, असं चेअरमनचं मत. मी पंपाच्या खोलीच्या खिडकीत कॅमेरा ठेवला, खिंडारावर फोकस केला आणि कारखान्यात निघून गेलो. संध्याकाळी आलो तर रोल संपलेला. धुवून आणला. त्यात दूधवाला होता, मागच्या शेतातल्या मावशी होत्या, झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन आत येणाऱ्या, आणि तीन फोटोंत माझी बायको होती.

"तू तिथे काय करत होतीस?"

"चालू आहे की नाही ते बघायला गेले होते. आवाज आला, म्हणून खात्रीसाठी परत गेले," ती म्हणाली. "अहो, पण मी बरी आलेय की यात."

तिने ते फोटो शेजारी दाखवले, आणि तिथून माझ्या हातून प्रकरण सुटलं. रविवारी सकाळी मी मागे गेलो तर खिंडारापाशी इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं उभी होती. एक कुटुंब पलीकडे शेतात जाऊन, बाळाला काजळ लावून, खिंडारातून आत येत होतं. मावशी आता जाणकार झाल्या होत्या.

"हितं ईट ठेवलीय ना, तिच्यावर पाय पडला की निघतोय फोटू," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "पुढं नाय, मागं नाय."

चेअरमनही आले. सफेद सफारी घालून ते विटेवर उभे राहिले, तरी कॅमेरा गप्प. त्यांनी कोपर पुढे केलं, हनुवटी वर केली. काही नाही.

"बिघडलाय तुमचा कॅमेरा."

"बिघडला नाही. त्याला रेघा, ठिपके असं काहीतरी लागतं. कोरं कापड त्याला दिसत नाही."

"म्हणजे मी त्याला दिसत नाही?"

मागून मावशी चौकडीच्या लुगड्यात आल्या आणि कॅमेरा लगेच वाजला. चेअरमन घरी गेले.

पुरावा मात्र मिळाला. मावशींच्या एका फोटोत त्या अगदी ठळक होत्या आणि मागे, धूसर, काहीतरी पिवळं पसरलं होतं. चेअरमननी तो फोटो वनखात्याच्या साहेबांपुढे ठेवला. साहेब स्वतः जागा बघायला आले.

"बिबट्याच वाटतोय," ते म्हणाले.

"साहेब, ती आमची झेंडूची रास हाय," मावशी म्हणाल्या.

"बाई, तुमची पाठ होती त्याच्याकडे."

"रास मीच घातली की."

साहेबांनी फोटो खिशात घातला. पिंजरा मंजूर झाला.

तो अंधार पडता पडता आला आणि बरोबर खिंडारात बसवला गेला. मावशींची वाट बंद झाली, त्या कुरकुरत मोठ्या गेटने वळसा घालून परत गेल्या. कॅमेरा काढायचं माझ्या डोक्यातून गेलं होतं. आदल्या दिवशीच नवा रोल घातलेला.

दुसऱ्या दिवशी नुकतंच उजाडलं होतं, तेव्हा आरडाओरडा ऐकून मी मागे धावलो. चेअरमन पिंजऱ्यात होते. आतली फळी नीट दबते का ते बघायला शिरले होते. ती नीट दबली होती. दार कसं उचलायचं ते आम्हा कोणालाच कळेना. वनखात्याचा माणूस येईपर्यंत ते आत उकिडवे बसून होते. मावशींनी गजांतून त्यांना चहा दिला.

"सापडला म्हणायचा," त्या मला हळूच म्हणाल्या.

त्या दिवशीचा रोल धुतला तेव्हा कळलं, की पिंजऱ्याचे गज नेमके ठरलेल्या अंतरावर आले होते. उजाडल्यापासून कॅमेऱ्याने रिकाम्या पिंजऱ्याचेच फोटो काढले होते. फक्त शेवटच्या एकात चेअरमन होते, गजांना धरून, थेट कॅमेऱ्याकडे बघत.

तो फोटो फाडून टाका म्हणून सांगायला ते येतील, असं मला वाटलं होतं. ते संध्याकाळी आले, फोटो दिव्याखाली धरून बघितला.

"चेहरा चांगला आलाय," ते म्हणाले. "तेवढाच मोठा करून मिळेल का?"

मी निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. एक गज काही केल्या निघेना, तो कपाळावरून सरळ खाली उतरत होता. स्टुडिओवाल्याने भिंगातून बघत विचारलं, "हे सुटले का आता?"

मी हो म्हणालो. त्याने मग ब्रशने गज पुसून टाकला.