पुढच्या पाळीला

पुस्तक परत करताना ते माझ्या हातात कधी देत नसत. आधी टेबलावर ठेवत, बोटाच्या पेराने पुठ्ठ्यावर दोनदा टकटक करत आणि म्हणत, "चार्ज घ्या, मॅडम."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना मोबाइल चार्ज करायचा असेल असं समजून मी भिंतीवरचा प्लग दाखवला होता. ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. रसायनीच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते. पाळी सुटताना पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, म्हणजे आपल्या आठ तासांत काय काय झालं ते लॉगबुकात लिहून, सांगून, मग गेट गाठायचं. टकटक का, तर मीटरच्या काचेवर बोट वाजवून बघायची सवय. काटा अडकलेला असला तर हलतो.

मी कर्जतला वाचनालय चालवते. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. फाटलेल्या पुस्तकांची यादी, न आलेल्या पुस्तकांची यादी, पावसाळ्याआधी छपराखालून हलवायच्या कपाटांची यादी. त्या याद्यांत हे गृहस्थ म्हणजे वाचक क्रमांक दोनशे बारा. नाव इथे देत नाही. का, ते पुढे कळेल.

खालापूरच्या बाजूच्या एका गावातून ते स्कूटरने यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घरी मुलगा आणि सून. पँटला क्लिप लावलेली, खिशाला दोन पेनं. सरळ नव्या पुस्तकांच्या फळीकडे जायचे आणि डावीकडून पुढचं जे असेल ते उचलायचे. कादंबरी आली तर कादंबरी, पाककृती आल्या तर पाककृती. एका आठवड्यात कविता, दुसऱ्यात शेअरबाजार.

"काका, आवडीचं बघून घ्या की," मी एकदा म्हटलं.

"आवडीचे मीटर तेवढे वाचायचे नसतात, मॅडम. पाळीवर आलं की सगळे वाचायचे." आणि पुस्तक हातात तोलून पुढे म्हणाले, "बघू, प्रेशर किती धरतंय."

तुम्हीही असे वाचक पाहिले असतील, पण आमचे दोनशे बारा एक जास्तीचं काम करत. प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी ठेवत. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे, वर एकच मथळा: "पुढच्या पाळीला".

सुरुवातीला मी त्या काढून टोपलीत टाकल्या. वाचनालयाच्या पुस्तकात परका कागद नको, असा आमचा नियम आहे. चौथ्या खेपेला त्यांनी टोपलीत पाहिलं.

"टाकल्यात होय?"

"नियम आहे काका."

ते टेबलाशी उभेच राहिले. मग बोलले, "एकदा मी लिहिलं नव्हतं. एक व्हॉल्व्ह जाम होत होता. घरी जायची घाई, म्हटलं सांगू उद्या. पुढच्या पाळीचा पोरगा आला, त्यानं हात घातला. हे इथून इथपर्यंत भाजला." त्यांनी स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "तेव्हापासून मी न लिहिता उठत नाय."

मी त्या दिवशी नियमात दुरुस्ती केली. परका कागद नको, वाचकाची चिठ्ठी चालेल.

मग मी त्या वाचायला लागले. एका रहस्यकादंबरीत होतं: "पान ९० ला खुनी कळला. पुढची शंभर पानं वाफ वाया." एका उद्योगपतीच्या आत्मचरित्रात: "सगळे मीटर कायम उत्तम दाखवतात. मीटर तपासून घ्यावेत." पहाटे चारला उठून आयुष्य बदला, असं सांगणाऱ्या पुस्तकात: "आम्ही तीस वर्षं तिसरी पाळी केली. काही बदललं नाही. लेखकाला आठवडाभर पाठवून द्या." पाककृतींच्या पुस्तकात: "पान ३१ ची भाजी केली. मीठ निम्मं घाला. सूनबाई काही बोलली नाही, म्हणजे बरी झाली असावी."

फक्त कवितांच्या एका पातळ पुस्तकाला त्यांनी दोनदा मुदतवाढ घेतली आणि तिसऱ्यांदा मागितली. मी दिली नाही. मुदतवाढ दोनदाच, सगळ्यांना सारखी. त्यांनी पुस्तक ठेवलं, टकटक केली. चिठ्ठीत लिहिलं होतं: "पुस्तक पातळ, वेळ जास्त. यंत्रात दोष नाही. मीच मध्ये मध्ये बंद पडत होतो."

मग एक कादंबरी आली. आईच्या आजारपणाची, नव्या लेखिकेची. त्यांच्या चिठ्ठीत एवढंच होतं: "पान १८८. इथून पुढे नोंद नाही."

ते पुस्तक पुढच्या वाचकाकडून परत आलं, तेव्हा चिठ्ठीखाली वेगळ्या अक्षरात, बॉलपेनने एक ओळ होती: "१८८ ला मी पण थांबलो."

मी ती चिठ्ठी दोनशे बारांना दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला. वाचली, उलटी करून पाहिली, परत वाचली. इतक्या वर्षांत पुढच्या पाळीचं उत्तर पहिल्यांदाच आलं होतं.

त्यानंतर उत्तरं येत राहिली. सगळ्या पुस्तकांत नाही, चार-पाच पुस्तकांमागे एकात. भुताच्या कथांवर यांनी लिहिलं, "भूत पान १२ ला आलं. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला की याहून जास्त भीती वाटते." खाली उत्तर आलं, "बरोबर. भुतापेक्षा उतार वाईट."

"उतार?" ते मला विचारायचे. "कसला उतार म्हणत असतील, ओ?"

मला माहीत होतं. कशेळ्याच्या रस्त्याला जीप चालवणाऱ्या माणसाला उतार माहीत असणारच. वाचक क्रमांक तीनशे सत्तेचाळीस. तिशी-पस्तिशीचा. कर्जतला जीप भरेपर्यंत त्याला वेळ असायचा, तेवढ्यात धावत येऊन पुस्तक बदलून न्यायचा. खालून प्रवासी ओरडायचे, "अरे चल ना रं, ऊन किती झालंय! जीपमदी बसून वाच!" तो जिन्यावरून ओरडायचा, "दोन शिटा कमी हायेत अजून, बसा गप!"

माझ्या रजिस्टरात सगळं होतं. कोणतं पुस्तक कोणानंतर कोणाकडे गेलं, तारखेसह.

दोनशे बारांनी एका शुक्रवारी विचारलंच. "मॅडम, ते उत्तर लिहिणारे कोण हायेत?"

"सांगता येणार नाही काका."

"नाव नको. गाव सांगा. प्राध्यापक असणार. दोन शब्दांत सांगतात सगळं."

"वाचकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, असा नियम आहे."

हा नियम माझाच. त्यामागेही एक गोष्ट आहे. खूप वर्षांपूर्वी एका मुलीच्या वडिलांनी चौकशी केली, आमची पोरगी कसली पुस्तकं नेते? रजिस्टर नीट ठेवल्याचा मला अभिमान. मी पान उघडून दाखवलं. ती मुलगी परत आली नाही. तिचं कार्ड अजून माझ्या खणात आहे.

दोनशे बारांना मी हे सांगितलं नाही. फक्त नियम सांगितला. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. लॉगबुक म्हणजे लॉगबुक." नवं पुस्तक उचललं आणि जिना उतरले. मी विनंतीवहीत नोंद केली: "वाचक क्र. २१२. उत्तर लिहिणाऱ्याचे नाव विचारले. नियमानुसार नकार." आणि पुढे बरोबरची खूण. काम झालं की मी खूण करते.

विनंतीवहीत प्रत्येक वाचकाला वेगळं पान आहे. शोधायला सोपं जातं.

मार्चात वर्षअखेरीला मी ती वही सुरुवातीपासून तपासते. राहिलेल्या विनंत्या एका यादीवर काढते. यंदा तपासताना दोनशे बाराच्या पानावर लक्षात आलं, की शिमग्याच्या आधीपासून हे आलेलेच नाहीत. पानं उलटत पुढे गेले. तीनशे सत्तेचाळीस. माझ्याच अक्षरात: "चिठ्ठ्या कोण लिहितं, ते विचारले. नियमानुसार नकार." बरोबरची खूण.

मग आठवलं. दिवाळीच्या सुमारास तो टेबलाशी घुटमळला होता. "ते चिठ्ठीवालं कोण हाय, ओ मॅडम? मोठं शिकलेलं असंल. मी आपलं काय बी लिवतो खाली. हसत असंल तो माणूस मला." मी त्यालाही नियम सांगितला होता. तो म्हणाला होता, "ऱ्हाऊ द्या मग. आमी विचारलं होतं, एवढं फकस्त सांगू नका त्यांना."

दोघांनी मला विचारलं होतं. नियम मोडायचीही गरज नव्हती. दोघांना फक्त एवढंच विचारायचं, की तुमचं नाव समोरच्याला सांगू का? एवढं काम होतं. पण एक विनंती एका पानावर होती, दुसरी दुसऱ्या पानावर, आणि दोन्हींपुढे मी काम झाल्याची खूण केलेली होती.

मी तिथूनच दोनशे बारांच्या घरी फोन लावला. सूनबाईंनी उचलला.

"बाबांना झटका आला, मॅडम. उजवी बाजू गेली. घरी आणलंय आता."

"बोलतायत का?"

"नाय ओ. बोलणं गेलं. समजतं सगळं."

दुपारी तीनशे सत्तेचाळीस आला. या वेळी नियम बाजूला ठेवून मी त्याची विनंती त्याच्यापुढे ठेवली, चिठ्ठ्या लिहिणाऱ्याचं नाव आणि काम सांगितलं, आणि झटक्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "बॉयलरवर होते? आणि मी काय काय समजत होतो." खालून हाका येत होत्या. "उद्या जायाचं," तो म्हणाला. "जीप रिकामी नेतो. शिटा घेत नाय."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय बंद ठेवलं. दारावर कारण लिहिलं नाही.

त्यांची खाट खिडकीशी होती. उशाशी आमचं पुस्तक होतं, एक नवं प्रवासवर्णन. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती, डोळे मात्र तसेच, काटा बघणारे. तो दारातच चपला काढून उभा राहिला.

"काका, मी कशेळ्याचा. जीप चालवतो," तो म्हणाला. "ते एकशेअठ्ठ्याऐंशीला थांबलेला, तो मी."

ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा डावा हात चादरीवरून काहीतरी शोधायला लागला. सूनबाई म्हणाल्या, "पाणी पायजे का बाबा?" हात शोधतच राहिला. मला कळलं. मी उशाचं पुस्तक उचलून हाताखाली दिलं.

त्यांनी बोट वाकवलं आणि पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केली.

त्याला अर्थ माहीत नव्हता. तो माझ्याकडे बघू लागला. मी परतीच्या वाटेवर जीपमध्ये अर्थ सांगितला, तर त्याने गाडी बाजूला घेतली.

त्या खोलीत आम्ही तासभर होतो. त्याला त्यांच्या चिठ्ठ्या पाठ होत्या. खाटेशी उकिडवा बसून तो एकेक म्हणून दाखवत होता. मीटर तपासून घ्यावेत. लेखकाला आठवडाभर पाठवून द्या. "आणि तो उतार, काका, आमच्या घाटाचा. ब्रेक तापले ना, मग कळतं." तेव्हा त्यांचं अर्धं तोंड हसलं. काहीतरी म्हणायला ओठ हलले. तो खाली वाकला, कान जवळ नेला, आणि मान हलवत राहिला, जणू सगळं कळत होतं. शब्द एकही नव्हता. इतक्या दिवसांचं विचारायचं राहिलेलं, आणि आता विचारायला त्यांच्याकडे एक डावं बोट उरलं होतं.

निघताना त्याने ते प्रवासवर्णन उघडलं. "वाचू का पुढं?" त्यांनी हात पानावर सपाट ठेवला. नको. मग त्याने त्यांचा हात उचलून चादरीवर ठेवला आणि पुस्तक मिटून परत उशाशी.

चैत्र संपायच्या आत ते गेले.

पुस्तक सूनबाईंनी आणून दिलं. आत चिठ्ठी होती, झटक्याच्या आधीच्या सरळ अक्षरात. "पुढच्या पाळीला. पान ६४. प्रेशर धरतंय. पुढे". त्यानंतर कोरा कागद.

पुस्तक तीनशे सत्तेचाळीसने मागून नेलं. मला वाटलं, तो ते पुरं करील आणि खाली काहीतरी लिहील. पंधरा दिवसांनी तो मुदतवाढ घ्यायला आला. मग पुन्हा. चिठ्ठी चौसष्टव्या पानातच होती.

"वाचत का नाहीस रे?" मी विचारलं.

"चौसष्टपत्तूर वाचलं ना मी. रोज वाचतो. पुढं कसं जाऊ?" तो म्हणाला. "चार्ज अर्धाच दिलाय त्यांनी."

परवा तो पुन्हा आला. जीप खाली उभी होती, कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, टकटक केली नाही, नुसतं माझ्यापुढे सरकवलं. ही तिसरी वेळ. मुदतवाढ दोनदाच, सगळ्यांना सारखी.

मी शिक्का उचलला, तारीख पंधरा दिवस पुढे फिरवली आणि मारला.