गाळलेली खाडी

फटफटी मित्राची, नकाशा माझा. थंडीत दोघांनी नाशिकरोडहून कोकणात उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं ठरलं होतं. कुठल्या खाडीवर पूल नाही, तिथे फटफटी चढवायला होडी कुठून मिळते, हे मी कचेरीतल्या कोकणी कारकुनांकडून महिनाभर टिपून घेतलं.

दिवाळीनंतर मित्र म्हणाला, "मागे मेहुणा बसतोय रे. नकाशा तेवढा दे."

"घे की राजा," म्हणालो आणि निळ्या शाईने समुद्र रंगवून त्याला नवा नकाशा काढून दिला. त्यात एक खाडी गाळली.

परतल्यावर तो म्हणाला, "एका खाडीशी अडकलो. दिवसभर कोळ्यांकडे जेवलो, वाळूत लोळलो. सगळ्यात मजा तिथेच आली."

ती मजा माझ्यामुळे आली, हे सांगायचीही सोय नव्हती.