चिठ्ठीवरची फुली

९ जून २००३, सोमवार, सकाळी साडेदहा. तपासलेले रिपोर्ट सहाशे बारा, त्यांत चुकलेले अकरा. हजर चौघे: हिंगोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याचा प्रमुख डॉ. देशमुख, तिथले लॅब टेक्निशियन रहीमभाई, जवळा बाजारच्या केंद्रात रजिस्टर ठेवणाऱ्या पंचशीला कांबळे, आणि मी.

विषय एकच होता. कांबळे मॅडमना कामावरून काढायचं की ठेवायचं.

"बाईंना फोनवर ऐकू येत नाही, हे आता मान्य करू," देशमुख म्हणाला.

"कान बराबर हायेत माझे, सर," मॅडम म्हणाल्या. "जे ऐकलं तेच लिवलं."

"और मैं जो बोला वहीच बोला," रहीमभाईंनी हात वर केले. "मेरा भी कुछ न्हाई."

दवाखाना टीबीचं काम करायचा. जवळा बाजारला थुंकीचे नमुने गोळा व्हायचे आणि एसटीने हिंगोलीला जायचे. नमुन्याचा नंबर डबीवर आणि पेशंटच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेला असे. टपालाने रिपोर्ट यायला आठवडा लागे, म्हणून रहीमभाई संध्याकाळी फोनवरून नंबर आणि निकाल सांगत. मॅडम ते लिहून घेत आणि औषधं चालू करत. मार्चमध्ये ३१५७ नंबरच्या माणसाला टीबी निघाला, पण रजिस्टरमध्ये ३१७५ लिहिला गेला. आजारी माणूस दोन महिने मेंढरांमागे तसाच खोकत फिरला आणि निरोग्या बाईने गोळ्या खाल्ल्या. दोघंही पुढे सापडले, औषधं बरोबर झाली. पण दुसऱ्यांदा असं झालं तर कुणी तरी दगावणार, हे सगळ्यांना कळत होतं.

देशमुख माझा वसमतच्या शाळेतला वर्गमित्र. मी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो आणि रजेवर घरी आलो होतो. मी गुप्त संदेश फोडतो अशी त्याची समजूत होती. ती निम्मी खरी. आमच्या विषयाला दोन बाजू आहेत. शत्रूला कळू नये म्हणून संदेश लपवणं, ही क्रिप्टोग्राफी. शत्रू कुणीच नाही, पण वाटेत संदेश बिघडतो; तो बिघडलाय हे ओळखणं, ही कोडिंग थिअरी. जवळा बाजारच्या फोनवर शत्रू कुणीच नव्हता. खरखर मात्र भरपूर होती.

मी अकरा चुका कागदावर मांडल्या. त्यांतल्या सात सारख्याच होत्या: ५७ चे ७५, ३८ चे ८३, २४ चे ४२. तीन ठिकाणी एकोणसाठचे ६९ आणि एकोणतीसचे ३९ झाले होते. एक नुसतीच खरखर.

"रहीमभाई, नंबर कसा सांगता?"

"एकतीस, सत्तावन. जोडी जोडीने."

"आणि मॅडम, सत्तावन्न ऐकलं की हात आधी काय लिहितो?"

त्यांचं बोट टेबलावर फिरलं. "सात," त्या हळूच म्हणाल्या. "घाई असली की सातच. मग पाच."

कानाचा दोष नव्हता. आपण बोलताना एकक आधी सांगतो आणि लिहिताना दशक आधी. हजार वेळा हात ते आपोआप उलटवतो. एखाद्या वेळी विसरतो. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नासातले.

"मग एकेक आकडा सांगा ना," देशमुख म्हणाला.

तेही करून बघितलं. त्या लाइनवर सात आणि आठ सारखेच ऐकू येत होते. शिवाय दहाव्या नंबरला रहीमभाई पुन्हा जोडीवर आले. "आदत है साहब, क्या करें?"

म्हणून मी चेक डिजिट सुचवला. चेक डिजिट म्हणजे नंबरच्या शेवटी जोडलेला राखणदार आकडा. चार आकड्यांना अनुक्रमे पाच, चार, तीन, दोनने गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं आणि बाकी शेवटी लिहायची, चिठ्ठीवरही. ३१५७ ची बेरीज अठ्ठेचाळीस, बाकी चार. ३१७५ ची बेरीज पन्नास, बाकी सहा. म्हणजे रहीमभाईंनी ३१५७-४ सांगितलं आणि मॅडमनी ३१७५-४ लिहिलं, तर हिशेब जुळत नाही. एक आकडा चुको की शेजारचे दोन उलटोत, चूक पकडली जातेच. त्याहून जास्त आकडे बिघडले तर साधारण अकरांतून एकदा ती निसटू शकते. हेही मी देशमुखला लिहून दिलं.

"हे फोनवर कोण करणार? कॅल्क्युलेटर द्यावा लागेल," तो म्हणाला.

"पाढे येतात मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथे पाच नंबर करून दाखवले. मी अजून चौथ्यावरच होतो.

तीन महिने प्रयोग करायचा ठरला. तोवर मॅडमची नोकरी राहिली.

बाकी दहा आली तर दोन आकडे लिहावे लागतात. त्यासाठी जगभर इंग्रजी X लिहायची पद्धत आहे. मीही तेच लिहून दिलं आणि हैदराबादला परतलो.

पाचव्या आठवड्यात मॅडमचा ऑफिसात फोन आला.

"सर, चुका सापडून राहिल्यात. सहा पकडल्या, रहीमभाईला परत बोलायला लावलं. पण पेशंट येईनात."

"कोणते पेशंट?"

"एक्सवाले. धोंडाबाई म्हणून हाय एक, शेरडं राखती. तिचा नंबर ३८१२. टीबी निघालाय. दोन निरोप धाडले, आली न्हाई. मग मीच गेले तिच्या वस्तीवर. म्हणलं, मावशी, काहून आला न्हाईत? तर म्हणती, काहून यावं? तुमीच चिठ्ठीवर फुली मारली. नाव कापलेल्यानं कशाला यायचं?"

गावात फुली म्हणजे रद्द. यादीत फुली, वहीत फुली, पाटीवर फुली, सगळीकडे अर्थ तोच. मी दर अकरांतल्या एका पेशंटच्या हातात 'तू रद्द' अशी चिठ्ठी दिली होती.

"तिला काय सांगितलंत?"

"म्हणलं, फुली न्हाई, इंग्रजी अक्षर हाय. तर म्हणती, इंग्रजीत मरू का मग? हसली आन् आली माझ्यासंगं. गोळ्या चालू केल्यात. पण सर, मी किती वस्त्या फिरू?"

मी म्हणालो, दहाने भागायची एक वेगळी रीत आहे, तिला X लागत नाही, पण काही उलटापालटी तिच्यातून सुटतात. आठवडाभर द्या, बघतो.

"एक इचारू का? ज्या नंबराला फुली येती, तो नंबर द्यायचाच कशाला? ३८११ झाला की ३८१३. नंबर काय इकत आणायचेत?"

अकरांतला एक नंबर वाया जाईल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण वाया म्हणजे काय? तो नंबर कुणाचाच नव्हता. मी हो म्हणालो. त्यांनी दोन दिवसांत वर्षभराच्या नंबरांची यादी केली, फुलीवाले गाळून. जुन्या X वाल्या चिठ्ठ्या स्वतः बदलून दिल्या.

सप्टेंबरअखेर पाचशे चाळीस रिपोर्ट फोनवरून गेले. चौदा चुका लाइनवरच पकडल्या गेल्या. मी पुन्हा हिंगोलीला आलो, आम्ही लॅबच्या मूळ रजिस्टरशी एकेक नंबर ताडून पाहिला, चुकीचा एकही नव्हता. देशमुखने मॅडमना कायम केलं आणि दुसऱ्या दोन केंद्रांना ही पद्धत शिकवायला त्यांनाच पाठवलं. धोंडाबाईंनीही पुढे सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला.

मी यातून एवढंच शिकलो की एखादी खूण कागदावर घालण्याआधी, तो कागद ज्याच्या हातात जाणार आहे त्याला ती वाचून दाखवावी. आमच्या विषयाच्या पुस्तकांत हे कुठे लिहिलेलं नाही.

देशमुखने बिल मागितलं. मी एसटीचं भाडं लावलं, एकशे चाळीस रुपये. सल्लागाराच्या मानधनाची ओळ मोकळी ठेवली होती, तिथे पी. कांबळे असं लिहिलं.

"त्या आपल्याच कर्मचारी आहेत," देशमुख म्हणाला. "ऑडिटर विचारील."

"विचारू दे. सल्ला कुणाचा होता ते सांग."

भाडं मला रोख मिळालं. सल्ल्याचे साडेसातशे रुपये चेकने पंचशीला कांबळे यांना दिले गेले.