जिथं नातं निघत नाही

आमच्याकडं दोन अनोळखी बायका एसटीत शेजारी बसल्या, की उतरायच्या आत त्यांचं नातं निघतं. गाव कुठलं, माहेर कुठलं, मामा कोण. कुठंतरी धागा सापडतोच, आणि नाही सापडला तर दोघींनाही चुकल्यासारखं होतं. मलाही या चौकशा आवडायच्या. नवरा मारायला लागल्यावर त्यांची भीती वाटायला लागली.

नवरा फौजेतून पेन्शन घेऊन आलेला. पलूसकडच्या आमच्या गावात त्याला लय मान. कुणाची भांडणं मिटवायची असली की ह्यालाच बोलावणं. घरात मात्र भाकरी गार झाली, फोन उचलायला उशीर झाला, काहीही निमित्त पुरायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "सोस गं, पोरं मोठी झाली की निवळंल." पोरं मोठी होऊन पुण्याला नोकरीला लागली. निवळलं कशाचं!

शेवटी माझ्या शिक्षिका मैत्रिणीनं सांगलीतल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता काढला. दात दुखतोय म्हणून मी घरातून निघाले. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. पाणी दिलं, पंखा वाढवला आणि विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?" मी सांगितलं. आडनावही सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! "अगं बाई, म्हणजे आमच्या आत्याच्या भावकीतल्या तुम्ही! तुमचे थोरले दीर आमच्या लग्नात पंगतीला वाढत होते." तिथून पुढं त्या मला वहिनी म्हणायला लागल्या. मला मोकळं वाटावं म्हणूनच करत होत्या हो, पण माझं तोंडच उघडेना. कसंबसं अर्धंमुर्धं सांगितलं. तर म्हणाल्या, "काळजी करू नका वहिनी, घरातलंच आहे. मी दीरांच्या कानावर घालते, चार मोठी माणसं बसवू." मी नको, नको म्हणत राहिले. त्यांनी घातलंच कानावर.

मोठी माणसं आमच्या सोप्यात बसली. नवऱ्यानं हात जोडले, चुकलं म्हणाला. सगळ्यांचा चहा झाला, तोही मीच केला. माणसं गेली आणि दार लागलं. पुढचं मी लिहिणार नाही. मला नवऱ्यापेक्षा त्या बाईंचाच जास्त राग आला. वेडेपणा आहे, पण आला.

मैत्रिणीनं हाय खाल्ली नाही. तिनं साताऱ्यातलं बायकांच्या मदतीचं एक केंद्र शोधलं. "लांब पडंल गं," ती म्हणाली. म्हटलं, लांबच पाहिजे. माझ्या सात पिढ्या कुणाला ठाऊक नसतील तिथंच ने. घरी सांगितलं, तिच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जातोय.

तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू?" लावा म्हटलं. मैत्रीण बाहेर बसली. मी सवयीनं सुरुवात केली, "मी पलूसकडची, माझं माहेर..." त्यांनी मला थांबवलं. "गाव नको. आडनावही नको. हाक मारायला कुठलंही एक नाव सांगा. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कुणाशी बोलणार नाही. जिवाला धोका दिसला, तर काय करायचं ते दोघी मिळून ठरवू."

मला तर रागच आला. गाव नाही, माहेर नाही, मग मी बोलू तरी कोण म्हणून? त्यांनी घाई केली नाही, खोदून काही विचारलं नाही. मग माझ्या तोंडून एकदम निघालं, "मला नवरा मारतो." इतकं सरळ मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता त्या 'का' म्हणून विचारणार, याची मी वाट बघत होते. आजवर सगळ्यांनी तेच विचारलं होतं. त्यांनी विचारलं, "आज घरी गेल्यावर काय होईल?"

"उशीर झालाय. मारंल," मी म्हणाले.

"मग आज घरी जायचंय का तुम्हाला? नसेल जायचं, तर राहायची सोय होते."

बाई गं, हे असं कुणी विचारतं? लग्न होऊन सासरी आल्यापासून घरी जायचं का, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी न्हाई म्हणाले आणि ढसाढसा रडले.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. अजून गेलेले नाही.