पारेवाली वहिनी

खाणीखालच्या वस्तीत तिला सगळे पारेवाली वहिनी म्हणत. नवरा बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीतून दगड आणायचा, कुटून पीठ करायचा. पुढचं सगळं तिचं. ओल्या पिठात ती पारा मळायची. पारा दगडाला विचारत नाही, सोन्याला तेवढं धरतो. मग फडक्यातून पिळून उरलेला पांढरा गोळा पळीत घालून ती शेगडीवर धरायची. पारा वाफ होऊन उडायचा, तळाशी पिवळा दाणा राहायचा. "वहिनीकडं दूध उतू जाईल, पण सोन्याचा कण जायचा नाही," शेजारी म्हणत.

घर एका खोलीचं. शेगडीजवळच लेकीचं अंथरूण.

आधी तिचेच हात थरथरायला लागले. ती हसण्यावारी न्यायची. मग लेकीला गुंडी लावता येईना, चमचा तोंडाऐवजी गालावर जायला लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात काय काम करता?"

तिनं सांगितलं.

"ती वाफ कुठं जात नाही, बाई. भिंतींवर बसते, अंथरुणावर बसते. पोर झोपेतसुद्धा तीच आत घेतेय."

घरी येऊन तिनं शेगडी अंगणात नेली. भिंती खरवडल्या. खाट हलवली तर फरशीच्या फटीत पाऱ्याचे बारीक थेंब चमकत होते. झाडू लावला की एकाचे दहा होऊन पळायचे. झाडू टाकून ती तिथंच बसली.

नवरा आल्यावर म्हणाली, "अहो, हा धंदा सोडू या."

"आणि खायचं काय? दगड?" नवरा ओरडला. मग डोकं धरून तोही तिच्याजवळ बसला. "मला दुसरं काही येत नाही गं."

तिनं लेकीला शहरात थोरल्या बहिणीकडं नेलं. ताई म्हणाली, "तूही राहा की." तिनं दोनचार घरी भांड्यांचं काम धरून पाहिलं, हातातून काचेची भांडी निसटली, काम सुटलं. लेकीला ताईकडं ठेवून ती वस्तीत परतली, पुन्हा पारा मळायला लागली. लेकीच्या औषधाला दुसरी वाट नव्हती.

पुढं कधीतरी भेटायला गेली, तेव्हा लेक स्वतःच्या हातानं जेवत होती. अक्षर मात्र अजून वाकडंच यायचं. आईला बघताच ती धावत सुटली.

"थांब! शिवू नकोस," आई किंचाळली. "माझ्या कपड्यांत पारा आहे. आधी आंघोळ करू दे."

लेक दारातच थबकली. ताईनं मोरीतला नळ सोडला. बादली भरेपर्यंत मायलेकी एकमेकींकडे बघत लांबच उभ्या राहिल्या.