पाकिटावर मंजुळामावशी, आत भलत्याचीच मिरची

रविवारी गंगापूर रोडच्या एका सुपरमार्केटमध्ये तिखट घ्यायला गेले... आणि पाकिटावर मंजुळामावशी! तोच हिरवा पदर, तेच पुढचे दोन दात पडलेलं हसू, समोर शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरलेली लालभडक मिरची. खाली छापलेलं, 'थेट शेतातून, आजीच्या हातची'.

डोकंच फिरलं माझं. त्या पाकिटात मावशींच्या मिरचीचा कणसुद्धा नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

सांगते. मी इथल्या एका छोट्या संस्थेत काम करते. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर बायका थोडी थोडी मिरची पिकवतात, ती व्यापाऱ्याकडे न जाता थेट मसाला कंपनीकडे पोचवायची, हे माझं काम. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये याला 'शाश्वत पुरवठा साखळी' म्हणतात... ऐकायला भारी वाटतं, मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात.

गेल्या उन्हाळ्यात मंजुळामावशींच्या पाड्यावरच्या अकरा जणी पहिल्यांदाच तयार झाल्या. दरवर्षी दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी माझ्या शब्दावर नाही म्हटलं. कंपनीचा एकच आग्रह होता, माल स्वच्छ हवा. मी तो निरोप जसाच्या तसा दिला... "मावशी, एकदम स्वच्छ पाहिजे हं!"

आता पाड्यावर स्वच्छ म्हणजे काय? ताज्या शेणाने सारवलेलं. एरवी एकदा सारवायची ती खळी बायकांनी दोन-दोनदा सारवली आणि त्यावर मिरची वाळत घातली. कंपनीची माणसं येणार म्हणून कडेने तांदळाच्या पिठाची नक्षीसुद्धा काढली हो!

त्या दिवशी मी तिथेच होते. चपला काढून खळ्यावर उभी राहिले आणि "अय्या, किती सुंदर!" म्हणाले. कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी धडाधड फोटो काढले, आणि फोटो वापरायच्या परवानगीच्या कागदावर मावशींचा अंगठा मीच घेतला.

आणि मी कोण? तर फूड सायन्स शिकलेली बाई. शेणावर वाळवलेल्या मिरचीत जंतू उतरतात, हा प्रश्न मला परीक्षेला आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते...

लॅबचा रिपोर्ट आला आणि सगळा माल नापास. नियम बरोबरच आहे, लोकांच्या पोटात जाणारी वस्तू, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पोती परत येईपर्यंत पावसाळा लागला होता, अर्ध्याहून जास्त मिरची घरात बुरसली. व्यापाऱ्याने तर त्या पाड्याची वाटच सोडली.

बायकांना मी काय सांगितलं माहितीये? "कंपनीने ऑर्डर कमी केली." धडधडीत खोटं. माझी चूक माझ्या तोंडाने सांगायची हिंमतच झाली नाही... वर्ष होत आलं, तरी नाही.

आणि आता हे पाकीट. ज्या खळ्यामुळे माल परत पाठवला, तेच खळं छापून दुसऱ्या कुणाची तरी मिरची विकतायत! सोमवारी कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, परवानगी तर आपणच घेऊन दिली होतीत ना?" मी फोन आपटला. कपाळ माझं!

काल ते पाकीट घेऊन पाड्यावर गेले. आपला चेहरा शहरभर विकला जातोय हे त्या बाईलाच माहीत नसावं, हे काही मनाला पटेना.

मावशी फोटो बघून आधी लाजल्या, सुनेला हाक मारून दाखवला. मग पाकीट फोडून चिमूटभर तिखट तळहातावर घेतलं, हुंगलं. "ही आमची नाय," लगेच म्हणाल्या. "मंग आमचीच का परत आली, ताई?"

तेव्हा पहिल्यांदा खरं सांगितलं. शेण, जंतू, खाली नुसती ताडपत्री अंथरली असती तर माल पास झाला असता... सगळंच. मावशींनी तळहातावरचं तिखट पाकिटात परत झटकलं.

"आमाला काय ठावं? आमी तर लय स्वच्छ केलं. पन तुमी शिकलेल्या... तुमी तं खळ्यावरच उभ्या व्हत्या, ताई. तवाच का नाय सांगलं?"

यंदा ताडपत्र्या मी स्वतः आणते, असं काहीतरी पुटपुटले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की यंदा अकराही जणींनी मिरची घरापुरतीच लावलीय.

खरं तर कंपनीला शिव्या घालायला ही पोस्ट लिहायला बसले होते. शिव्या त्यांना आहेतच! पण पाड्यावर कंपनी म्हणजे मीच होते, त्या बायकांनी नाव माझं ऐकलं होतं, शब्द माझा धरला होता. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी त्या नक्षीचं कौतुक करण्यात विसरले.

निघताना मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी वाढली, वर "पोटभर खा" म्हणाल्या... खाल्ली. त्यांच्यासमोर मान वर करून बघायची मात्र काही केल्या हिंमत झाली नाही.