माल हातात आहे का

आर्वीत एसटी स्टँडच्या मागे आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. उर्दू मशिदीपुरती, घरात वऱ्हाडीच. अम्माची नजर गेली तरी ती दुकानात येऊन बसते. कापसाची मूठ घेते, अंगठ्यानं दाबते, सोडते आणि तो कसा वर येतो त्यावरून सांगते, माल नवा की जुन्या गादीतला; वर आलाच नाही तर मेलेला. हात न ठेवता सौदा आमच्या घरात कोणी केला नव्हता. तो मी केला.

पैसे अम्माच्या हजचे होते. रजयांना टाके घालून जमवलेले, बँकेचं व्याज नको म्हणून कपाटातच ठेवलेले. ते तिथं पडून नासताहेत असं मला वाटायचं. अशात मोबाइलवर एका कंपनीचं ॲप दिसलं. क्रिप्टोच, पण शरीयतला धरून, असं त्यांचं म्हणणं. हिरवा रंग, कोपऱ्यात चंद्रकोर. पैसे टाका, दर जुम्म्याला ठरलेला नफा घ्या. ‘ठरलेला’ हा शब्द तेव्हाच टोचला होता. धंद्यात नफा ठरलेला नसतो. ठरलेलं असतं ते व्याज. हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं.

अम्मा म्हणाली, “मौलानाले विचारून ये. ते हो म्हणतीन तरच घेजो.”

मौलाना उत्तरेकडचे, हिंदीत बोलतात. म्हणाले, या गोष्टीवर आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचंच, एकमत नाही. कोणी सरळ नाजायज म्हणतात, कोणी अटी घालतात. मग त्यांनी अटी विचारल्या.

“ब्याज तो नहीं है इसमें?”

“नहीं.”

“और कब्जा? चीज आपके हाथ में आती है? चाबी किसके पास रहती है?”

“मेरे पास,” मी म्हणालो.

चावी माझ्याकडे नव्हती. नाणी कंपनीच्या खात्यात, माझ्याकडे फक्त आकडा दाखवणारा पडदा. मौलाना म्हणाले, “अगर वैसा ही है जैसा आपने बताया, तो गुंजाइश है.” मसला, म्हणजे धर्मातली शंका, विचारणारा जे सांगतो त्यावरच जबाब मिळतो, हे मला ठाऊक होतं. घरी पोचेपर्यंत त्यातला ‘अगर’ मी गाळून टाकला होता.

पैसे टाकले आणि या कामासाठी मी एक जुना फोन वेगळा ठेवला. जुम्म्याची नमाज पढून परत आलो की तो वाजायचा. पितळी वाटीवर नख मारल्यासारखा, एकदाच.

“आला का?” अम्मा विचारायची.

“आला.”

“दे इकडे.” ती फोन हातात घ्यायची, कापसासारखा अंगठ्यानं दाबायची. “माल कुठं हाये रे?”

“आत हाये, अम्मा.”

एकदा बराच वेळ दाबून ती म्हणाली, “आत कोणी नाई.”

शेजारचा सोयाबीनवाला हसला. “काय हो भाईजान, मोबाइलमधे कापूस पिंजून राह्यले का? मलेबी एक गादी भरून द्या त्याची.” मीही हसलो. अम्मा हसली नाही.

मग हजसाठी अम्माचा नंबर लागला. तिनं नवा पांढरा दुपट्टा शिवला. मी पैसे काढायला गेलो तर पडद्यावर आलं, आपली विनंती विचाराधीन आहे. दिवस गेले, तेच वाक्य. कंपनीचा नंबर बंद. त्यांची वेबसाइट उघडेना. पण आकडा वाढतच होता, आणि जुम्म्याला फोन वाजतच होता. मी सिमकार्ड काढून टाकलं. पुढच्या जुम्म्याला तो वाजला आणि आकडा वाढलेला होता. दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, “भाई, बाहेरून काहीच येऊन नाई राह्यलं. हा आपल्या आपणच वाढवून राह्यला.” त्यानं फोन काउंटरवर माझ्याकडे सरकवला, पुन्हा हात लावला नाही.

हजचे पैसे भरायची मुदत जवळ आली तेव्हा अम्माला सांगावंच लागलं. ती पिंजायच्या मशीनजवळ बसली होती. मशीन बंद होतं, तरी हवेत कापसाचे कण उडत होते. तिनं रक्कम विचारली नाही.

“मौलानाले चाबीचं काय सांगितलं तू?”

“माझ्याकडे हाये म्हून.”

“काऊन खोटं बोलला?”

मी मशीनवरचा कापूस झटकू लागलो. तिनं हात पुढे केला. “दे तो फोन.”

त्यानंतर फोन दिसेना. मी विचारलं तर “ठेवला नीट” एवढंच. मुदत टळली. पुढच्या जुम्म्याला नमाजेहून येऊन मी आडवा झालो. उन्हाची तिरीप भिंतीवर होती, घरात अम्माशिवाय चिटपाखरू नव्हतं. आणि माझ्या कानाखाली वाटी वाजली.

मी उठून उशी उलटी केली. एका बाजूची शिवण नवी होती. दाट, सरळ, आंधळ्या बोटांनी घातलेले अम्माचे टाके.

“अम्मा, हे काय?”

“कब्जा पाहिजे होता ना? दिला तुझ्या हाती.” मग हळूच, “माझ्या जागी हजले दुसऱ्या कोणाचा नंबर लागला असंन. चांगलं झालं.”

त्याच दुपारी मी मौलानांकडे गेलो आणि काहीही न गाळता मसला पुन्हा विचारला. ते म्हणाले, तो नफा कधी तुमचा नव्हताच, मूळ रक्कम मात्र तुम्ही आईला देणं लागता. आता मी रजया भरतो. कपाटात पुन्हा थोडं जमू लागलं आहे. अम्मा मात्र पायऱ्या चढताना थांबते, आणि ती थांबली की मीही थांबतो.

फोनची बॅटरी केव्हाच संपायला हवी होती. शिवण उसवायचं धाडस मला झालेलं नाही. गेल्या जुम्म्याला अम्मा फोनचा आवाज ऐकून माझ्या खोलीत आली, चाचपडत उशीपाशी बसली. अंगठ्यानं उशी दाबली, सोडली, वाट पाहिली. खळगा तसाच राहिला.

“पाह्य बेटा,” ती म्हणाली, “कापूस वर येऊन नाई राह्यला.”